न आलेल्यांची हजेरी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आढावा घेणाऱ्या राज्यातील सर्व अधिकारी महोदयांस,



पत्र मंत्र्यांना लिहावे की आपल्याला, यात माझे दोन दिवस गेले. मंत्री बदलतात, आढावा बैठक बदलत नाही. ती भरते, पडद्यावर तक्ते येतात, ‘उद्दिष्ट’ आणि ‘साध्य’ असे दोन रकाने असतात, चहा येतो. आपल्या बैठकीला मी कधी बसलेली नाही. पण एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, केंद्रप्रमुखांच्या बैठका पुष्कळ पाहिल्या. बैठकीच्या आदल्या रात्री तक्ता कसा भरतात हे मला कोणी सांगायला नको. म्हणून पत्र आपल्याला.

मी मराठवाड्यात राहते. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षे स्किझोफ्रेनियाने आजारी आहे. आयटीआयमधून फिटर होऊन तो बाहेर पडला आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी कारखान्यातली माणसे आपल्याविषयी कुजबुजतात असे त्याला वाटू लागले. मग आमचीही रीतसर यात्रा झाली : आधी देवऋषी, मग दर्गा, मग खाजगी डॉक्टर, मग सोने मोडून आणखी मोठे खाजगी डॉक्टर, आणि शेवटी सिव्हिल. गेली अनेक वर्षे आम्ही दर महिन्याला सिव्हिललाच जातो. पुण्याकडच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत. आमच्या औषधाच्या खिडकीवर मात्र ‘मानसिकचा पेशंट’ आणि ‘त्याच्यासोबतची बाई’ एवढेच चालते, आणि त्याची मला आता सवय झाली आहे.

तिथल्या डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. पाऊणशे माणसांच्या रांगेत ते भावाला नावाने हाक मारतात. तक्रार आहे ती त्यांच्या कामाची मोजदाद ज्या पद्धतीने होते तिच्याविषयी.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी शिबिर होते. आमची नेहमीची तारीख पुढच्या आठवड्यात होती, तरी फोन आला की घेऊन या, संख्या कमी पडते आहे. गेलो. नाव लिहिले, सही झाली, फोटो झाला. गोळ्या मात्र ‘सिव्हिललाच घ्या’. परतीच्या एसटीत भाऊ म्हणाला, “आक्का, यांना माझी तब्येत नको, माझी सही पाहिजे.” मी त्याला गप्प केले. पण पुढच्या आठवड्यात आम्ही सिव्हिलला गेलो तेव्हा मनात हिशेब केला : एकाच आजाराचा एकच माणूस शिबिराच्या तक्त्यात एकदा आणि ओपीडीच्या तक्त्यात एकदा. आपल्या पडद्यावर तो दोन लाभार्थी म्हणून झळकला असेल.

आमच्या शाळेत याला ‘पट फुगवणे’ म्हणत. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली होती, मुलांच्या बोटाला शाई लावून, आठवत असेल. तेव्हा आम्हा शिक्षकांना अपमान वाटला होता. कागदावरची पोरे आणि बाकावरची पोरे यांत केवढे अंतर होते हे बाहेर आल्यावर मात्र कोणी फारसे बोलले नाही. आपल्या कार्यक्रमाची अशी पडताळणी व्हावी, ही माझी पहिली विनंती. शाई नको. पण एक माणूस एकदाच मोजला जाईल, एवढे तरी व्हावे.

खरी गोष्ट त्याहून पुढची आहे. शाळेत गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण करावी लागते. सलग आठ दिवस आले नाही तर घरी जावे लागते, मग कळते की बाप दारू पिऊन मारतो किंवा पोरगी धाकट्या भावाला सांभाळते आहे. आपल्या रजिस्टरमध्ये न आलेल्याला जागाच नाही. जो आला त्याचा आकडा होतो. जो पहिल्यांदा आला, गोळ्या घेऊन गेला आणि परत आलाच नाही, तोही आपल्या ‘साध्य’च्या रकान्यात कायमचा बसलेला असतो.

आमच्या रांगेत एक जोडपे असायचे. बाई विडीच्या धुराला कंटाळून दूर उभी राहायची, नवरा चिठ्ठी धरून. तिला बाळंतपणानंतर त्रास सुरू झाला होता. पाच-सहा महिने दिसले, नंतर दिसेनात. मी खिडकीवर विचारले. खिडकीतल्या मुलाने मला उलट विचारले, “तुमचे कोण?” बरोबर आहे त्याचे, ती माझी कोणी नाही. पण मग ती कोणाची? तिचा केसपेपर कुठल्यातरी गठ्ठ्यात आहे, पत्ता त्यावर आहे, मोबाइल नंबरही असेल. तिची आठवण ठेवणे हे कोणत्या पदाचे काम आहे?

आणि गंमत म्हणजे तसे पद आहे. या कार्यक्रमाच्या जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका यांच्याबरोबर देखरेख व मूल्यमापन अधिकारी आणि केस रजिस्ट्री सहायक हीदेखील पदे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच धरलेली आहेत. म्हणजे मूल्यमापन ही मी नव्याने काढलेली टूम नव्हे. ही पदे आपापल्या जिल्ह्यात भरलेली आहेत का, भरली असतील तर कंत्राट किती महिन्यांचे आहे, आणि त्या माणसाकडे आणखी कोणकोणती कामे चिकटवली आहेत, एवढे आपण पुढच्या बैठकीत विचारले तरी मला समाधान आहे.

हे आपल्याला जमणार नाही असे म्हणू नका, कारण आपल्याच खात्याने ते करून दाखवले आहे. क्षयरोगाचा पेशंट चुकला तर कर्मचारी घरी येतो. आमच्या गल्लीत मी पाहिले आहे. क्षयाच्या प्रत्येक पेशंटच्या नावापुढे शेवटी काहीतरी लिहावेच लागते : बरा झाला, उपचार पूर्ण केले, वारला, किंवा मधूनच सुटला. नुसते ‘तपासले’ लिहून भागत नाही. मानसिक आजार क्षयासारखा सहा महिन्यांत संपत नाही, मान्य. पण वर्षाच्या शेवटी ‘या वर्षी नव्याने आलेल्यांपैकी आज किती जण औषधावर आहेत’ हा एक आकडा काढायला कुठली परदेशी यंत्रणा लागते? एक वही लागते. माझ्याकडे आहे तशी.

होय, माझ्याकडे वही आहे. शिक्षकाची खोड. प्रत्येक फेरीची एक ओळ : तारीख, किती वाजता पोहोचलो, कोण डॉक्टर होते, काय मिळाले, काय नाही. त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा : “रिस्पेरिडोन नाही, बाहेरून.” “पंधरा दिवसांच्याच दिल्या, पुन्हा यायचे.” “चारच्या जागी एकच्या चार गोळ्या दिल्या, भाऊ घाबरला, डोस वाढवला म्हणतो.” “आज जागतिक मानसिक आरोग्य दिन, स्टाफ रॅलीला, ओपीडी बंद.” ही शेवटची ओळ १० ऑक्टोबरची आहे. रॅलीत चांगल्या घोषणा होत्या. गेटवर उभे राहून आम्ही ऐकल्या.

औषधाचा मुद्दा बारीक वाटेल, पण सारे तिथेच अडते. बाहेरून गोळ्या घेणे मला पेन्शनमुळे परवडते. रांगेतल्या अर्ध्याअधिक लोकांना नाही. ते काय करतात? गोळी अर्धी करतात. एक दिवसाआड देतात. किंवा ‘आता बरा दिसतोय’ म्हणून बंद करतात आणि पुढच्या महिन्यात तो माणूस पुलावर सापडतो. मग त्याला आणतात तेव्हा नातेवाइकांना ऐकवले जाते, “तुम्ही औषध का बंद केलंत?” मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ पासून लागू आहे. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत अत्यावश्यक यादीतली औषधे मानसिक आजाराच्या रुग्णांना सर्व वेळी मोफत मिळतील, असे त्यात म्हटले आहे. ‘सर्व वेळी’ हे शब्द कायद्याचे आहेत, माझे नाहीत. त्याच कायद्यात असेही आहे की जिल्ह्यात किमान सेवा मिळत नसेल, तर जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकार सोसेल. माझा प्रश्न साधा आहे : हे बिल कुठल्या खिडकीवर द्यायचे? मी तीन खिडक्यांवर विचारले. तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली, ही त्यातल्या त्यात मिळालेली सेवा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे आणि तपासण्यांचे पैसे बंद झाले, हे चांगले झाले, त्याबद्दल आभार. पण फुकट केसपेपरवर लिहिलेले औषध दुकानातून घ्यावे लागत असेल, तर काय फुकट झाले? प्रत्येक रुग्णालयाने खिडकीवर एक फळा लावावा : मानसिक आजाराची कोणती औषधे आज नाहीत आणि किती दिवसांपासून नाहीत. महिन्याअखेर तोच फळा आपल्या पडद्यावर यावा. खडूचा खर्च मी देते.

आता ‘प्रेरणा’विषयी. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी हा प्रकल्प सुरू झाला, आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरू लागल्या. कल्पना चांगली होती आणि अजूनही आहे. पण ती प्रश्नावली भरताना मी पाहिली आहे. आमची आशाताई माझीच विद्यार्थिनी. उंबऱ्यात बसून ती सुनेला विचारते, “मागच्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का?” सासू शेजारी शेंगा फोडत बसलेली. सून काय सांगणार? आणि उदास हा शब्द तरी तिचा कुठे आहे? ती ‘लई इचार येतात’ म्हणेल, ‘काळीज धडधडतं’ म्हणेल, ‘भाकर गिळवत नाही’ म्हणेल, ‘जीव रमत नाही’ म्हणेल. उदास फक्त पुस्तकात असते. ताईने ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या घरी गेली. तिचे काय चुकले? तिच्या पिशवीत लसीकरण आहे, गरोदर बायांची नोंद आहे, कुष्ठरोग शोधमोहीम आहे, आणि मोबाइलमध्ये भरायची माहिती तर निराळीच. या सगळ्यांत एका बाईला एकटीला गाठून, चहा घेऊन, तासभर बसण्याचा मोबदला कुठल्याही पत्रकात नाही.

आणखी एक. आमच्या भागातली निम्मी वस्ती दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्यातच परतते. सर्वेक्षणाला सोयीचा काळ हिवाळ्याचा, रस्ते कोरडे आणि मार्चअखेर जवळ. म्हणजे ज्या घरांवर कर्ज आहे, उचल आहे, ज्या बायकांनी फडात बाळंतपणे काढली आहेत, ती घरे सर्वेक्षणाच्या दिवशी कुलूपबंद. ‘घर बंद’ असा शेरा पडतो. माझ्या शाळेत या पोरांना आम्ही हंगामी वसतिगृहात तरी ठेवत होतो. त्यांच्या आईच्या मनाची चौकशी करायला साखर कारखान्याच्या तळावर कोणी गेल्याचे मी ऐकलेले नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ माणसांनी आत्महत्या केली. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांत शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८. हाही देशात पहिला नंबर, आणि त्यावर निदान अधिवेशनात आरडाओरड तरी होते. पण वजाबाकी करून पाहा. अठरा हजारांहून अधिक माणसे उरतात. ती शेतकऱ्यांच्या यादीत नाहीत म्हणून त्यांना पात्र-अपात्र ठरवायला समिती बसत नाही. शेतकऱ्याची विधवा मदतीस पात्र ठरली तर तहसीलमध्ये तिची फाइल होते. पण नवरा गेल्यानंतर वर्षभराने तिला झोप लागते का, हा प्रश्न त्या फाइलमध्ये नसतो. तिच्या घरी निदान सहा महिने दर महिन्याला एक माणूस जावा, आणि तो गेला की नाही हे आपण मोजावे.

मोजता येत नाही, मन ही काय मोजायची वस्तू आहे, असे एक साहेब मला एकदा म्हणाले होते. येते. आपल्याच राज्यात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातलीच माणसे प्रशिक्षण घेऊन लोकांशी बोलत होती. प्रकल्प किती चालला हे त्यांनी दवाखान्याच्या रजिस्टरवरून ठरवले नाही. सुरुवातीला आणि दीड वर्षाने गावांत जाऊन विचारले : ज्यांना नैराश्य आहे, त्यांतल्या किती जणांनी मदत घेतली? आधी शंभरात चार, नंतर सत्तावीस. नेमके सांगायचे तर ४.३ टक्क्यांवरून २७.२. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्यातले यश आवडले, पण त्याहून जास्त आवडला तो प्रामाणिकपणा. इतके करूनही शंभरातले बहात्तर-त्र्याहत्तर लोक बाहेर राहिले, हेही त्याच आकड्यात दिसते. आपल्या तक्त्यात बाहेर राहिलेले कधी दिसले आहेत? तक्ता नेहमी एकशे चार टक्के.

वरच्या पातळीवर तरी काय निराळे? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये पहिले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्ये घेतली होती. गुजरात होते, मध्य प्रदेश होते, छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणाने सांगितले की प्रौढांत १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार आहे आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक लोक उपचाराबाहेर आहेत. आपल्या भाषणांत हेच आकडे महाराष्ट्राचे म्हणून येतात. शेजाऱ्याच्या मुलाचे प्रगतिपुस्तक आपल्या मुलाच्या दप्तरात ठेवण्यातला हा प्रकार आहे.

मनोरुग्णालयांविषयी थोडे, कारण माझा अनुभव तिथला नाही. जुनी चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खाटा अनुक्रमे १,८५०, २,५४०, ९४० आणि ३६५. चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही, त्यामुळे आमच्याकडचा माणूस दाखल झाला म्हणजे तो गाव सोडून गेलाच. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला सासरच्यांनी अशाच एका ठिकाणी पोहोचवले. मुलीला सांगितले, आई आजोळी गेली. बाई वर्षभरात सुधारली. घरी पत्र आले, दुसरे आले, तिसरे आले. नवऱ्याने तोवर दुसरी आणली होती. पुढे मुलगी सज्ञान झाली तेव्हा तिनेच जाऊन आईला आणले. मधली नऊ वर्षे त्या बाईंना कोणता आजार होता? कायदा म्हणतो की कुटुंब नाही किंवा कुटुंब घेत नाही एवढ्या कारणाने कोणाला आत ठेवता येणार नाही, त्यांच्यासाठी बाहेर राहण्याची घरे सरकारने उभारायची. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून थेट त्यांच्या गावी नेऊन सोडतात, २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाला मिळाला. एक संस्था देशभर पत्ते शोधू शकते, तर सरकारजवळ तर तलाठी आहे, पोलीस पाटील आहे, ग्रामसेवक आहे. ‘डिस्चार्ज’चा आकडा सांगताना सोबत एवढेही सांगा : सहा महिन्यांनी ती माणसे कुठे होती?

१४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनच्या नंबरविषयीही तेच. किती फोन आले हे जाहीर होते. फोनवर ज्याला ‘जवळच्या दवाखान्यात जा’ सांगितले, तो गेला का आणि त्याला तिथे कोणी भेटले का, ते सांगा.

शेवटची मागणी थोडी आगाऊपणाची आहे. कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर रुग्णांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचे प्रतिनिधी ठेवले आहेत. मुंबईच्या त्या टेबलावर कोण बसते मला माहीत नाही, पण जिल्ह्याच्या आढावा बैठकीत दोन खुर्च्या आम्हाला द्या. एक शुभार्थी, एक शुभंकर. आम्ही भाषण करणार नाही. तक्त्यावर एकशे चार टक्के आले की फक्त आपली वही उघडू.

येत्या मंगळवारी आमची तारीख आहे. साडेनऊच्या सुमारास आम्ही मानसिकच्या ओपीडीसमोर असू, पायऱ्यांजवळच्या बाकावर. आपल्यापैकी कोणाला गाडी लांब लावून, ओळख न सांगता तासभर आमच्या शेजारी बसायचे असेल तर जागा धरून ठेवते.

आपली,
एक शुभंकर
(निवृत्त जि. प. शिक्षिका, मराठवाडा)

ता. क. : पत्र भावाला वाचून दाखवले. ‘बावीस वर्षे आजारी’वर त्याची हरकत आहे. एकवीस म्हणतो, पहिले वर्ष तुम्ही सगळे घाबरला होतात, मी ठीक होतो. शिवाय विचारतो की पाण्याचे का नाही लिहिलेस. या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि आमच्या रांगेजवळचा नळ बंद आहे. वहीत पाहिले, खरेच, त्याची एकही ओळ नव्हती. आज लिहिली.